चांदणीचा घास

“तुझ्या घरी गाय आहे?”

लोणारे सरांनी हे विचारले तेव्हा माझ्या हातातल्या जर्मनच्या गंजातून खिचडीची वाफ येत होती. शाळेच्या व्हरांड्यातली पंगत नुकतीच उठली होती. मुले हापशीवर ताटल्या विसळत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. खिचडी शिजवणाऱ्या गिरजा मावशीने नेहमीसारखी पातेल्याच्या तळाची एक पळी माझ्या गंजात घातली होती आणि नेहमीसारखीच म्हणाली होती, “हे घेय तुह्या चांदणीचं. वाटेत सांडू नको.”

सरांनी ते ऐकले होते. व्हरांड्याच्या खांबाला टेकून ते बसले होते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद.

मी काही बोलण्याआधी पूनम बोलली. पूनम माझी मैत्रीण. माझ्याबद्दल कुणाला काही चांगले सांगायची संधी तिने कधी सोडली नाही. “हाये न सर! चांदणी नाव हाये तिचं. कपाळावर पांढरा टिक्का हाये. मोना रोज आपल्या हातानं तिच्यासाठी घास नेते. रविवारी मोना घास आणत नाही त चांदणीले करमत नाही.”

टिक्का मी तिला सांगितला होता. करमत नाही हे तिने स्वतःच्या मनाने जोडले होते.

“खरं का, मोनाली?”

मी गंजाकडे पाहिले. नाही म्हणाले असते, तर मग ही खिचडी कुणासाठी, हा पुढचा प्रश्न होता. आणि तो गिरजा मावशीच्या समोर विचारला गेला असता.

“हो सर.”

“दूध देते?”

“नाही. आटली हाये. लय म्हातारी हाये.”

सरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिले. मला वाटले, सुटले.

लोणारे सर नागपूरच्या एका समाजकार्याच्या महाविद्यालयातून आले होते. तालुक्याच्या गावी एका संस्थेचे मुलींचे वसतिगृह होते, आणि आमच्या सातवीतल्या एका मुलीला तिथे दहावीपर्यंत फुकट ठेवून घेणार होते. मुलगी सर्वांत गरीब घरची हवी होती. आमची शाळा सातवीपाशी संपत होती. पुढची शाळा तालुक्याला, आणि आमच्या गावाला, सावरटेकला, एसटी येत नव्हती. ज्या मुलीचे नाव निघेल ती शिकणार आणि बाकीच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जाणार, हे आम्हा सगळ्यांना न सांगता ठाऊक होते.

गरिबी ओळखायचे एक माप सरांनी सोबत आणले होते. शाळेची खिचडी जे मूल एकही दिवस न चुकवता खाते, दुसऱ्यांदा मागते, ते सर्वांत गरजू. त्यासाठी ते पंगतीच्या कडेला बसून आमच्या ताटांकडे पाहत असत. आमचे मुख्याध्यापक गिरडकर गुरुजी त्यांना हसले होते.

“सर, ह्या मापानं तुम्ही पूर्ण गावच गरीब ठरवान. सरपंचाची नातही जेवते इथं. घरी वरण-भात निवून जाते अन् ही इथं बोटं चाटते. पंगतीत बसायचा शौक वेगळाच असते बाप्पा!”

“मग दुसरंही काही विचारावं लागेल,” सर म्हणाले होते.

म्हणून आता शेत विचारले जात होते, बैलजोडी विचारली जात होती, सायकल. आणि गाय.

आमच्या घरी गाय नव्हती. कधीच नव्हती. आम्ही गोवारी. गावाची गुरे राखणे हे बाबांचे काम, त्यांच्या बापाचेही तेच. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर घरोघरची जनावरे गोळा होत. बाबा ती रानात नेत आणि दिवे लागायच्या आत परत आणत. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी रंगवलेल्या गायी गावातून मिरवत निघाल्या की सर्वांत पुढे नाचणारे बाबाच असत. गावातली एकूण एक गाय त्यांच्या आवाजाला कान टवकारी, आणि त्यांतली एकही आमची नव्हती. त्या वर्षी दिवाळीनंतर एका माजलेल्या गोऱ्ह्याने त्यांना शिंगावर घेतले आणि दगडावर टाकले. कमरेखालचे अंग गेले. गुरे दुसऱ्या गावचा माणूस राखू लागला. माघ लागला तशी माय टोळीतल्या बायकांबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेली. नाल्यापलीकडे आम्हा गोवाऱ्यांच्या घरांचा टोला होता. तो सगळाच रिकामा झाला. कुणाच्या दाराला कुलूप, कुणाच्या दारात काटेरी फांदी आडवी. टोल्यात उरलो ते खाटेवर बाबा आणि मी.

मायने ठेवलेले तांदूळ किती दिवस पुरतील हे मडक्यात हात घातल्यावर कळत होते. मी शाळेत जेवत होते. बाबा घरी होते.

शाळेची खिचडी घरी न्यायला बंदी होती. दुसऱ्या एका गावात डब्यातून नेलेली खिचडी आंबली, ती खाऊन कुणाचे तरी लहान मूल आजारी पडले, आणि वरून हुकूम आला: शाळेचे अन्न शाळेतच खायचे. गिरजा मावशीची भाकर त्या हुकमावर टांगलेली होती. माझ्यादेखत एका मुलीने आजीसाठी घासभर मागितले, तर मावशीने हात जोडले. “माह्या पोटावर पाय देऊ नको व माय. माणसासाठी एक दाणाही फाटकाबाहेर गेला त उद्या मी घरी बसन.”

पण हीच मावशी उरलेली खिचडी कुंपणापाशी आलेल्या गाईपुढे टाकताना तिच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावत असे. ते मी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी गंज घेऊन गेले.

“मावशी, आमच्या गाईले घास देते का?”

तिने मान वर करूनही पाहिले नाही. पळी भरली आणि घातली. गोवाऱ्याच्या घरी गाय नसेल, हे कुणाच्या मनातच येऊ शकत नव्हते.

त्या दुपारी शाळा सुटायच्या आधी गुरुजींनी मला बोलावले. खोलीत लोणारे सर बसले होते.

“मोना, गाय हाये हे आधी काहून नाही सांगतलं?” गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती.

“मी मोनालीचंच नाव वर धरलं होतं,” सर म्हणाले. “वडील अंथरुणाला, आई परमुलखात. पण गाय असलेलं घर सगळ्यांत गरीब, असं मी कसं लिहू? बाकी मुली आहेतच की. त्यांच्याकडे शेळीसुद्धा नाही.” ते माझ्याकडे वळले. माणूस मनाने चांगला होता; बोलताना तो खाली वाकला. “म्हातारी आहे म्हणतेस ना? अगदी भाकड असेल तर मी तसं लिहीन. उद्या तुझ्या घरी येतो. एकदा डोळ्यांनी पाहिली की मला खात्रीनं सांगता येईल.”

“येऊ नका सर.”

“का गं?”

“मारते.”

“कोण?”

“चांदणी. नव्या माणसाले मारते.”

गुरुजी मोठ्याने हसले. “गोवाऱ्याची गाय अन् मारकी! तुह्या बापाची पुरी अब्रूच काढली तू.”

मीही हसले असेन. मग गंज घेऊन नाला ओलांडला. चालताना माझ्या ध्यानात येत गेले की चांदणी जिवंत राहिली तर वसतिगृह जाते, आणि चांदणी मेली तर हा गंज रिकामा होतो. दोन्ही एकदम हातात राहतील अशी कोणतीच गोष्ट मला रचता येईना.

बाबा उशाला गोधडीची वळकटी घेऊन वाटच पाहत होते. मी खिचडी ताटलीत काढली. ते सावकाश जेवायचे, प्रत्येक घास नीट गोळा करून. रानात दगडावर बसून जेवायची सवय त्यांच्या हाताला राहिली होती.

“आज गिरजानं हिंग सोडला वाटते हात सैल करून,” ते म्हणाले. “उरलं होतं?”

“लय उरलं होतं.”

“सरकारचं पातेलं मोठं. उरतेच.” शाळेत उरलेले अन्न मुलांना वाटून देतात, असे मी त्यांना सांगितले होते. “मंग, त्या साहेबाचं काय झालं? नाव निघते न तुहं?”

“निघन.”

“तिथं दोन्ही टाइम जेवू घालते म्हणे?”

“हो बाबा.”

“पोळी?”

“पोळीपण.”

“रोज पोळी!” त्यांनी भुवया उचलल्या. “मंग तू सुटीत घरी कायले येशील व? आमच्या कण्या खायले?” ते हसले. मग हसू तसेच ठेवून म्हणाले, “निघालं पाह्यजे नाव. तुही माय त्याच आशेनं गेली. मिरचीनं बोटं सोलून निघते, पण गेली.”

मी चुलीपाशी बसले होते. भिंतीवरच्या खुंटीला एक जुने दावे टांगलेले होते. बाबांच्या खांद्यावर असायचे ते. रानात अडलेले जनावर ओढून काढायला कामी यायचे.

“बाबा, म्हातारी गाय कशानं मरते?”

“काहून व?”

“शाळेत विचारलं.”

“कशानं म्हणजे? वयानं.” या विषयात त्यांना विचारलेले आवडायचे. “पह्यले कमरेतून बसते. मंग उठवलं तरी उठत नाही. मंग चाऱ्यावरून तोंड फिरवते. तिनं तोंड फिरवलं का समजायचं. अन् एक ध्यानात ठेव, जनावर मराले टेकलं का आधी दावं सोडावं लागते. बांधलेलं मेलं त मालकाले पातक लागते. पाटलाची कपिला बसली तव्हा मी रानातून पळत आलतो, फक्त दावं सोडाले.”

“सोडलं?”

“सोडलं. मंग पडली बिचारी. मोकळी पडली.”

त्यांनी ताटली बोटाने पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लोणारे सर आणि गुरुजी माझ्याबरोबर निघाले. मी पुढे, हातात गंज. मागे ते दोघे शेताच्या अरुंद धुऱ्यावरून तोल सांभाळत. गुरुजी त्यांना धानाचे वाण सांगत होते. गाय विकली म्हणावे असे मी वाटेत ठरवले. मग आठवले की गंज हातात आहे आणि गिरजा मावशीने सरांसमोरच त्यात पळी घातली आहे. विकलेल्या गाईसाठी कुणी घास नेत नाही.

आमच्या दारात येऊन सर वाकले आणि आत शिरले. अंधाराला डोळे सरावायला त्यांना वेळ लागला.

“नमस्कार, नेवारेभाऊ. तुमची मुलगी फार गुणी आहे.”

“बसा साहेब, बसा. मोना, बाज झटकून दे साहेबांले.”

“नाही, बसत नाही. तुमची गाय पाहायला आलो होतो.”

बाबांना नीट ऐकू आले नाही असे वाटले. “कोणाची?”

“तुमची. चांदणी. मोनाली रोज शाळेतून तिच्यासाठी गाईचा घास घेऊन येते ना.”

बाबांनी सरांकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग माझ्या हातातल्या गंजाकडे. किती तरी वेळ ते त्या गंजाकडे पाहत राहिले. गोवाऱ्याच्या घरी लहानपणापासून एक गोष्ट शिकवतात: गाईच्या तोंडचे काढायचे नाही. बाबा रानात कितीही भुकेले असले तरी गाईपुढे टाकलेल्या नैवेद्याला त्यांनी हात लावला नव्हता. हे मला माहीत होते, आणि मला माहीत होते हे त्यांना माहीत होते.

“तिचं नाव वसतिगृहासाठी धरलंय आम्ही,” सर सांगत होते, “पण घरी गाय आहे म्हटल्यावर जरा अडचण झाली. भाकड असेल, तर...”

“गाय मेली, साहेब,” बाबा म्हणाले.



“मेली? कधी?”

“आजच. सकाळी. नवा गुराखी ओढून घेऊन गेला.”

“अरेरे. कशानं?”

“म्हातारी होती. कमरेतून बसली होती. उठतच नोहती. बसून खायची अन् लेकरावर भार टाकायची.”

“पण मोनाली आज घास घेऊन...”

“तिले मालूम नोहतं. ती शाळेत होती.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी रडत होते. त्यामुळे बाबांच्या बोलण्याला पुरावा मिळाला.

गुरुजींनी दुःखाने च्च केले. गावातल्या माणसाला अशा वेळी जे विचारावे लागते ते त्यांनी विचारले. “दावं सोडलं होतं न, नेवारे?”

“सोडलं गुरुजी.” बाबांनी डोळे मिटले. “आज सोडलं.”

सर बाहेर आले. अंगणात एक खुंटा होता, कुठल्याशा जुन्या काळचा. सर त्याच्यापाशी थांबले आणि उगीच त्याला हात लावून पाहिला. मग खिशातले पेन काढून पुठ्ठ्यावरच्या कागदात काहीतरी खोडले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “रडू नकोस. आता काही अडचण नाही.”

ते गेले. मी चुलीपाशी गंज ठेवला आणि ताटली घेतली.

“बाबा, जेवता?”

“कोणाचं हाये ते?”

मी खिचडी ताटलीत काढू लागले.

“मोना, कोणाचं हाये?”

“गाईचं.”

“मंग गाईले नेऊन घाल.”

“बाबा...”

“जाय.” त्यांनी आवाज चढवला नाही. “अन् आजपासून गंज नेऊ नको. मेलेल्या गाईले घास लागत नाही. एकदा मेली म्हणून तोंडानं सांगतलं, आता तिच्या नावानं आणशील त खोटी ठरशील. खोट्या पोरीचं नाव कोणी ठेवत नाही. नाव निघेवरी कोणाजवळ एक शब्द बोलायचा नाही. माही शपथ हाये.”

मी गंज घेऊन आखरावर गेले. गुरे परतली होती. पाटलांची जांभळी गाय दावणीकडे निघाली होती, पोटाने टंच, चालताना कासेचे ओझे हलत होते. मी गंज तिच्यापुढे धरला. तिने आधी नुसते हुंगले. तिला भूक नव्हती. मग जीभ काढून, रमतगमत, तिने सगळी खिचडी चाटली, तळ चाटला, कडा चाटली, आणि माझी बोटेही चाटली.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हाताने पंगतीत बसले, तर गिरजा मावशी पळी टाकून माझ्याजवळ आली.

“गेली म्हणे व तुही चांदणी?” तिचे डोळे खरोखर भरले होते. “मले काल रात्री भात गोड नाही लागला. मुकं जनावर. माह्या हातचं खात होती बिचारी.” तिने माझ्या ताटात एक पळी जास्त घातली. “तू खाय. तुही भूक मोडली असंन दुःखानं.”

ती जास्तीची पळी मी परकराच्या ओच्यात बांधून घरी नेली. बाबांनी गाठ सोडू दिली नाही.

“तू जेवली?”

“जेवली. हे माझ्या वाटचंच हाये, बाबा. गाईचं नाही.”

“माणसासाठी न्यायची बंदी हाये न?”

“कोणी पाह्यलं नाही.”

“पाहतीन.” ते भिंतीकडे वळले; वळता येत होते तेवढे. “तुह्या गुरुजीनं पाह्यलं त काय म्हणंन? गाय मेली अन् खिचडी कोणासाठी नेऊन राह्यली? तुले समजत कसं नाही व? बाहेर नेऊन टाक. नाहीत खाऊन घे माह्यासमोर. मी पाहतो.”

मी त्यांच्यासमोर बसून ती खिचडी खाल्ली. ते पाहत होते. माझा घास अडला तेव्हा म्हणाले, “पाणी पी.”

मडक्यातल्या कण्यांची मी पेज करायची. सुरुवातीला ते ती प्यायचे. मग निम्मी ठेवायचे आणि म्हणायचे, तू घे. मग कण्या संपल्या. रेशनचे दुकान उघडायला अवकाश होता. मी पाण्यात चिंचेचा पाला उकळून दिला. तो त्यांनी एकदा घेतला. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांतून ताप आला. मी ओले फडके लावत बसे. शपथ घातलेली होती. टोल्यात सांगायला कुणी नव्हते, आणि गावात ज्यांना सांगता आले असते त्यांच्या हातातच माझे नाव होते.

ते नाव एका दुपारी आले. गुरुजींनी वर्गात सगळ्यांसमोर वाचले, “मोनाली नेवारे.” पूनमने मला मिठी मारली, तिचे स्वतःचे नाव त्याच क्षणी कायमचे गेले होते, तरी मारली. मी दप्तर तिथेच टाकून धावत सुटले.

“बाबा! निघालं!”

त्यांचे ओठ फुटले होते. “काय निघालं?”

“नाव. माहं.”

“पक्कं?”

“गुरुजीनं वाचलं.”

“मंग झालं,” ते म्हणाले. चेहऱ्यावर आनंद शोधावा तर होता, पण फार दूरवरून आल्यासारखा.

“आता सांगू मी गुरुजीले? आता आणू खिचडी?”

“आण,” ते म्हणाले.

मी शाळेकडे परत धावले. पातेले धुऊन पालथे घातलेले होते. गिरजा मावशी घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी रामनवमीची सुट्टी होती.

मी पाटलांच्या वाड्यावर गेले आणि बाबांसाठी म्हणून भात मागितला. त्यांनी दिला, वर वरणही दिले. कुणी नाही म्हणाले नाही. मी वाटी त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी एक शीत जिभेवर घेतले. मग तोंड फिरवले.

तिने तोंड फिरवले की समजायचे, हे त्यांनीच मला सांगितले होते.

रामनवमीला सकाळी ते गेले. आरोग्य केंद्राचा माणूस आला, त्याने मरणाचे कारण ताप असे लिहिले. ते खोटे नव्हते. मायला निरोप गेला. ती दुसऱ्या दिवशी पोचली, लुगड्यातून मिरचीचा ठसका घेऊन, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला शिंका येत होत्या. पण तो दुसरा दिवस. त्या सकाळी घरात मीच होते.

गावातून बायका आल्या. त्यांच्यात गिरजा मावशी होती. तिने मला पोटाशी धरले, गावात कुणी गेले की रडतात तसे थोडे रडली, आणि मग पाणी तापवायला दगड मांडावेत म्हणून अंगणात जागा पाहू लागली. खुंट्यापाशी जाऊन ती थांबली.

खुंट्याभोवती पावसाळ्यातले गवत वाळून तसेच राहिले होते. उभे, सरळ, कुणी कधी न तुडवलेले. अंगणात शेणाचा पो नव्हता, पोच्या जागेचा डागही नव्हता. गव्हाण नव्हती. तिने घराच्या मागे चक्कर मारली आणि परत आली.

“मोना,” ती हळू म्हणाली, “गाय कुठी बांधत होती व तू?”

मला वाटते, मी दाराकडे पाहिले असावे. दारातून खाट दिसत होती, आणि खाटेखाली पालथा घातलेला जर्मनचा गंज.

मावशीने माझ्या नजरेमागोमाग पाहिले. मग ती तिथेच, त्या गवतात, मटकन बसली.

“एकच पळी घालत होती मी,” ती म्हणाली. “माय व. गाय म्हणून एकच पळी. तळाची, लागलेली.” तिने माझा हात धरला. “काहून नाही सांगतलं व पोरी? माणूस हाये म्हणून सांगतलं असतं, त मी...”

आणि बोलता बोलता ती थांबली. माणूस आहे म्हणून मी सांगितले असते, तर तिला ती एक पळीही देता आली नसती. तिला हे आठवलेले मी तिच्या तोंडावर पाहिले. आज इतक्या वर्षांनीही, कुणी गाईपुढे घास ठेवताना दिसले की मला बाबांआधी ते तिचे उघडे राहिलेले तोंड आठवते.

माझा हात तिने सोडला नाही. दुसऱ्या हाताने ती खुंट्याभोवतीचे गवत उपटत राहिली, मुठीमुठीने, जणू तिथे कुणी बांधलेले होते असे कुणाला तरी दाखवायचे होते.